त्र्याहत्तरावं नाव

“यादीत एक नाव जास्त आहे,” मी म्हणाले.

आईचा लाटण्यावरचा हात थांबला नाही. “जास्त कसं असेल? पाळकसाहेबांनीच पाठवलीय ना?”

“मागच्या महिन्यात बहात्तर होती. आता त्र्याहत्तर.”

“कुणाची सून आली असेल. वाच की.”

मी वाचलं नाही. कागद पिठाच्या डब्याला टेकवून तिच्यासमोर उभा केला. तिनं पदराला हात पुसले, डोळे बारीक केले आणि बोट खाली खाली नेलं. शेवटचं नाव पाळकसाहेबांनी वेगळ्या शाईनं लिहिलं होतं. शमुवेल दगडू साळवे.

तव्यावरची पोळी करपायला लागली. तिला वास आला नाही. मीच पुढं होऊन ती उतरवली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात पाळकसाहेब प्रभुभोजन देत. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची ती आठवण. ती भाकर करण्याचं काम आजीपासून आमच्या घरात होतं. बिनखमिराची जाड पोळी करायची आणि सुरीनं तिचे नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे. यादीत जितकी नावं तितकेच तुकडे. एक कमी नाही, एक जास्त नाही. देवाच्या मेजावरचं उरलं तर टाकायचं कुठं, म्हणून आजीनं ही रीत घातली होती. आणि तिचीच दुसरी रीत अशी, की तुकडे आकड्यानं मोजायचे नाहीत, नावानं मोजायचे. सुरी टेकवायची, नाव घ्यायचं, कापायचं. त्या माणसासाठी तेवढीच प्रार्थना. आई यादी न बघता बहात्तर नावं घ्यायची. कोण आजारी, कुणाच्या घरी भांडण, कुणाची पोर नापास झालीय, हे सगळं सुरी थांबायची त्यावरून मला कळायचं.

शमुवेलनं माझ्या भावाला, सुदेशला, मारलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नाताळाच्या आधीचा आठवडा होता. देवळापुढच्या मांडवासाठी पोरं खड्डे खणत होती. शमुवेलच्या हातात पहार होती. त्यानं ती सुदेशच्या डोक्यात घातली. एवढंच मला माहीत होतं, आणि आईनं कोर्टात सांगितलंही एवढंच. चहाची किटली घेऊन ती तिकडंच निघाली होती, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सुदेश बावीस वर्षांचा होता. शमुवेल त्याच्याहून चारेक वर्षांनी मोठा. दोघं एकाच बाकावर बसून गाणी म्हणायचे. त्याला जन्मठेप झाली. चौदा वर्षांनी तो सुटून आला होता, आणि येऊन दोन महिने झाले होते. तुरुंगात त्यानं येशूवर विश्वास धरला असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, तुरुंगात दुसरं धरायला असतं काय?

भिंतीपलीकडून रत्नाकाकूनं डोकं वर काढलं. तिला बातम्या आधी कळायच्या.

“शेवंता, खरं का गं? उद्या उभा राहणार म्हणे तो. सगळ्यांसमोर कबुली देणार आणि मग लगेच मेजावर बसणार.”

आईनं तवा पुसला.

“पाळकसाहेबांना काय, ते नगरचे. त्यांचं कोण मेलंय इथं? तू असं कर, सरळ सांग, गॅस संपला. पोळीच नाही तर कसलं भोजन!”

“चूल आहे की,” आई म्हणाली.

“मग चूल विझली म्हण! बाई, तुला खोटं बोलायलासुद्धा शिकवावं लागतं.”

या शेवटच्या वाक्यावर आईनं तिच्याकडं असं पाहिलं, की रत्नाकाकूचं डोकं भिंतीमागं गेलं. ती रागावली असं मला तेव्हा वाटलं.

करपलेली पोळी तिनं बाजूला ठेवली, नवी केली. निवल्यावर पाटावर घेऊन कापायला बसली. मी समोर बसले होते. पाळकसाहेब, त्यांच्या बाई, जनार्दनकाका, रत्ना, मी, सगळी नावं झाली. सर्वांत शेवटी ती स्वतःचं घ्यायची, तेही घेतलं. पोळीचा एक कोपरा उरला. तिनं सुरी टेकवली आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दारातून कोंबडी आत आली, पाटाभोवती फिरली, गेली. आईच्या ओठांवर घाम आला होता. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

“शमुवेल,” ती म्हणाली, आणि सुरी दाबली.

मग डोळे न उघडताच उठली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. बराच वेळ मारत राहिली.

मी तो तुकडा उचलला. इतरांपेक्षा जरा वाकडा कापला गेला होता. दारात जाऊन कोंबडीपुढं टाकला. तिनं एका चोचीत गिळला. माझं मन इतकं शांत होतं, की आजही मला त्याचं भय वाटतं.

माझा हिशेब सरळ होता. आमच्याकडं ज्याला मंडळीत परत घेत, त्याला त्या दिवशी पुढं, मेजाजवळ एकट्याला बसवत आणि सर्वांत शेवटी भाकर देत. दोनदा मी पाहिलं होतं. म्हणजे तबक सगळ्यांपाशी फिरून त्याच्यापुढं जाईल तेव्हा रिकामं असेल. सगळं गाव बघेल. देवाच्या मेजावर याच्यासाठी काही नाही, हे मी माझ्या तोंडानं म्हणणार नव्हते. तबकच म्हणणार होतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. उजवीकडं पुरुष, डावीकडं बायका. भाकर करणारीचं घर शेवटच्या बाकावर बसे, कारण तिनं सर्वांच्या मागून घ्यायचं. मी आणि आई तिथं.

शमुवेल उभा राहिला तेव्हा मी त्याला नीट ओळखलंच नाही. केस पांढरे, शर्ट कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यांवर सैल. वय चाळीस, पण साठीचा दिसत होता.

“मी सुदेश भिंगारदिवेला मारलं,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू येत होता. “वकील म्हणाले, रागाच्या भरात मारलं. मी म्हणतो, मारलं. शिक्षा भोगली म्हणून ते पुसलं गेलं नाही. येशूनं माझ्यासाठी जीव दिला, यावर माझा विश्वास आहे. त्याच्याशिवाय माझ्यापाशी दाखवायला काही नाही.”

एवढंच बोलून तो मेजाजवळच्या एकट्या खुर्चीकडं निघाला. त्यालाही रीत माहीत होती. पण पाळकसाहेबांनी त्याच्या दंडाला धरलं.

“तिकडं नाही,” ते म्हणाले. “बाकावर बस. सगळ्यांत.”

पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. जनार्दनकाका तबक धरून उभे होते, ते म्हणाले, “साहेब, आपली पद्धत अशी आहे की—”

“पद्धत ठाऊक आहे मला. घेतलं तर घेतलं, काका. अर्धवट घेता येत नाही. तो मंडळीतला आहे, तर त्याचा नंबर रांगेत.”

पुरुषांच्या पहिल्या बाकावर कडेला जागा होती. शमुवेल तिथं बसला. तबक पहिल्यांदा त्याच्यापुढं गेलं.

 मी मोजायला लागले. पुरुष चौतीस. बायका एकोणचाळीस. तबक एका बाकावरून दुसऱ्या बाकावर येत होतं आणि प्रत्येक जण एक तुकडा उचलून हातात धरत होता, कारण आमच्याकडं सगळे एकदमच खातात. उठावं, बाहेर जावं, चक्कर आल्याचं सांगावं, निदान स्वतः घेऊ नये. हे सगळं सुचलं. तबक माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात एकच तुकडा होता. जनार्दनकाका वाट बघत होते. मी तो उचलला.

आईनं हात पुढं केला. तबकात कोंड्याचे चार कण होते.

जनार्दनकाकांनी तबक तिरकं करून पाहिलं, जणू कडेला कुठं अडकला असेल. आईचा हात तसाच राहिला, अर्ध्यात, बोटं जुळवलेली. आता माझी लेक झोपेत कधी कधी असाच हात पुढं करते आणि हाती काही लागलं नाही की तसाच धरून ठेवते. त्या वेळी मला तिच्याजवळ बसवत नाही.

“शेवंताबाई?” पाळकसाहेब समोरून म्हणाले.

“नाही,” आई म्हणाली. “संपले.”

“असं कधी झालं नव्हतं.”

“नव्हतं झालं.” ती उठून उभी राहिली. मला वाटलं बाहेर जाईल. ती बाकाला धरून उभी राहिली. “साहेब, मला बोलायचंय.”

“आत्ता?”

“आत्ताच. सगळ्यांनी हातात धरलंय तोवर.”

देवळात एक लहान मूल रडत होतं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं.

“काल मी याचं नाव तोंडानं घेतलं,” आई म्हणाली. “कापलं असं मला वाटलं. डोळे मिटले होते. कापलं नसणार. माझ्या हातानं ऐकलं नाही. मी याचा तुकडा ठेवला नाही, आणि देवानं माझा ठेवला नाही.”

“तसं नसतं हो, बाई—”

“बोलू द्या. चौदा वर्षं थांबले मी.” तिनं श्वास घेतला. “त्या दिवशी मी किटली घेऊन येत होते. सुदेश याला बायकोवरून बोलला. ती नुकती निघून गेली होती. सुदेश म्हणाला, ‘तुझ्या बायकोला घेऊन गेला त्याला बोलव खड्डा खणायला, तो नीट खणेल.’ पोरं हसली. हा म्हणाला, ‘गप रे.’ सुदेश परत बोलला. हा म्हणाला, ‘सुदेश, हात जोडतो.’ तो तिसऱ्यांदा बोलला. मी ऐकलं. कोर्टात वकिलानं मला विचारलं, ‘बाई, काही बोलाचाली झाली होती का?’ मी म्हटलं, ‘काही नाही. उगाच मारलं.’ शपथ घेऊन म्हटलं. बाकीची पोरं माझ्याकडं बघून गप्प बसली. मी खरं बोलले असते तर याची वर्षं कमी झाली असती की नाही, मला ठाऊक नाही. पण मी म्हटलं, काही नाही.”

शमुवेलनं मान वर केली नव्हती. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशीच्या कबुलीतही नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या भावाचं हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते. मला आधी ते खोटं वाटलं. मग सुदेश आठवला. शेजारच्या लंगड्या मास्तरांची नक्कल करून आम्हाला हसवणारा.

पाळकसाहेब मेजावरून स्वतःचा तुकडा घेऊन खाली आले. “हा घ्या. अर्धा अर्धा करू.”

“नको,” आई म्हणाली. “माझा असता तर तबकात असता. आज नको.” आणि बसली.

 पाळकसाहेबांनी परत जाऊन प्रार्थना केली आणि सर्वांना खायला सांगितलं. आई मांडीवर हात ठेवून समोर बघत होती.

मी खाल्लं.

त्यानंतर तीन महिने आई पोळी करत राहिली. नावं घ्यायची, कापायची. शमुवेलचं नाव डोळे उघडे ठेवून घ्यायची. स्वतःचं घ्यायची नाही. बहात्तर तुकडे व्हायचे, तबक तिच्यापाशी रिकामंच पोचायचं, आणि ती हात पुढं करायची नाही. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. “अहो, कबुली दिलीत, क्षमा झाली. आता कशाला?” ती म्हणायची, “बोलावणं आलं की कळेल मला.”

मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे. पण सांगायचं म्हणजे तिला सांगायचं, की तुझ्यावर देवानं बोट ठेवलं नव्हतं, तुझ्या पोरीनं ठेवलं होतं. आणि मग तिची ती कबुली? ती तर खरी होती. ती माझ्या चोरीमुळं बाहेर आली होती. असा विचार करून करून मी स्वतःला सोडवून घ्यायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुकडा उचलून तोंडात टाकायचे.

चौथ्या महिन्यात तिच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “घरी न्या.”

घरी आणलं त्या दिवशी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत येईना. मी एकटी तिला उचलू शकत नव्हते. पुरुषमाणसं कामाला गेलेली. देवळाच्या कुंपणाशी शमुवेल गवत काढत होता, तो आला. माझ्याकडं बघितलं नाही.

“काकू, उचलू का?” त्यानं आईला विचारलं.

आई म्हणाली, “दुसरं कोण आहे?”

त्यानं तिला लहान मुलासारखं उचलून आणलं. खाटेवर ठेवलं, पांघरूण ओढलं आणि तिच्यापासून शक्य तितक्या लांब, उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही आला. अंगणातलं पाणी भरायचा, तिची कूस बदलायची झाली की आत यायचा, परत बाहेर. रत्नाकाकू भिंतीवरून मला म्हणाली, “लाज नाही का गं तुला? याला घरात घेतेस?” आई आतून म्हणाली, “रत्ने, तू ये उचलायला. मग त्याला नको म्हणते.” रत्नाकाकू दुसऱ्या दिवशी रव्याची खीर घेऊन आली, उचलायला नाही.

मग एका दुपारी ते झालं. ऊन पत्र्यावर तापत होतं. आई बराच वेळ डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली.

“सुवा.” सुवार्ता हे माझं नाव ती एकटीच असं तोडायची.

“काय गं?”

“मला भीती वाटते.”

तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. सुदेशला पुरलं तेव्हासुद्धा नाही.

“कशाची?”

“मरायची नाही. तिथं गेल्यावर... यादीत नाव आहे की नाही ते कसं कळायचं? इथं तर नव्हतं. तू पण पाहिलंस. रिकामं होतं ना तबक?”

मी तिच्या पायांशी बसले होते. तिचे पाय सुजले होते, बोट टेकवलं तर खळगा तसाच राहायचा. मी त्या खळग्याकडं बघत बोलले.

“आई, तू कापला होतास तुकडा. शमुवेलचा. कोपऱ्यातला, वाकडा. मी उचलून कोंबडीला टाकला.”

मी पांघरुणाची कड तिच्या पायांवर ओढली.

“त्याला मिळू नये म्हणून. तो शेवटी बसेल असं मला वाटलं होतं. साहेबांनी त्याला रांगेत बसवलं, आणि...”

“थांब.” तिनं डोळे उघडले. “काय म्हणालीस? कापला होता?”

“हो.”

“मी? माझ्या हातानं?”

“हो, आई. मनगट धरून. त्र्याहत्तर बरोबर होते.”

तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहू लागलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि त्याच्याकडं बघत राहिली, उलटा सुलटा करून.

“मग झालं होतं माझ्याच्यानं,” ती म्हणाली. “एवढे दिवस मला वाटत होतं, झालंच नाही.”

नंतर तिचं लक्ष माझ्याकडं आलं, आणि तिचा चेहरा बदलला. ती घाबरली. या वेळी स्वतःसाठी नाही.

“आणि तू घेत राहिलीस? मेजावरून? इतके महिने?”

“हो.”

“असं मनात ठेवून घेऊ नये गं, बाई. अयोग्य रीतीनं खाणारा स्वतःवर दोष ओढवतो, हे साहेब दर वेळी वाचून दाखवतात, ऐकत नव्हतीस का? माझ्या बाळा. आता तुझं काय?”

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचा हात माझ्यापर्यंत पोचत नव्हता. तिनं हाक मारली, “शमू, ऐकलंस का रे?”

तो बाहेर आहे हे मी विसरले होते.

“ऐकलं, काकू.”

“मग बोल की काहीतरी. हिचा राग कर, ओरड. तुझा होता तो तुकडा.”

तो उंबऱ्यात आला. 

“ती म्हणाली मला मिळू नये,” तो म्हणाला. “मी पण तेच म्हणत होतो. तबक पहिल्यांदा माझ्यापुढं आलं तेव्हा हात निघेना. काकांनी पायानं ढोसलं, तेव्हा घेतला. माझा नव्हताच तो, सुवार्ता. मला दिला, म्हणून मिळाला. एवढंच मला कळतं. तुझ्यावर काय ओरडू?”

मला त्याची क्षमा नको होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो आधीपेक्षा जास्त नकोसा झाला, कारण तो आणि मी एकाच बाकावर आलो होतो.

आईला ते दिसलं असावं. “सुदेशची आई म्हणून मला तिथं वेगळा पाट मिळेल, असं मला वाटायचं,” ती म्हणाली. “माझा पोरगा गेला, तर देव आधी माझं ऐकेल. नाही गं तसं. त्याच्यासमोर मी खोटी शपथ घेणारी. हा खुनी. तू... तू पण. सुदेशसुद्धा तिथं त्याच्या जिभेसकट उभा राहिला असेल. कुणाचं तोंड बघून निकाल देतो तो देव नाही. मला आधी याचा राग यायचा. आता बरं वाटतं.”

“बरं कसं वाटतं?”

“तोंड बघत असता तर माझं बघून काय म्हणाला असता?”

ती थकली. मी पाणी चमच्यानं घातलं. शमुवेल परत बाहेर जाऊन बसला.

“सुवा, मी जाईन असं वाटतं ना तुला? त्याच्याकडं?”

“जाशील.”

“कशावरून?”

“तू इतकी चांगली आहेस. आयुष्यभर देवळाचं—”

“चांगली म्हणून नको सांगू.” तिनं मान हलवली. “ते मला पुरायचं नाही. दुसरं सांग.”

मी दुसरं शोधलं. लहानपणापासून पाठ केलेलं सगळं तोंडाशी होतं आणि एकही वाक्य माझं नव्हतं. शेवटी जे निघालं ते शमुवेलच्याच बोलण्यासारखं होतं, आणि ते मला टोचलं.

“तुझ्यासाठी तो मेला म्हणून,” मी म्हणाले. “तू त्याला धरलंयस म्हणून.”

“हं,” ती म्हणाली. “हे चालेल.”

संध्याकाळी पाळकसाहेब आले. मी पोळी केली, पहिल्यांदाच एकटीनं. आई खाटेवरून सांगत होती, “तेल नको लावू. जाड राहू दे.” तिनं सांगितलेली नावं घेऊन मी तीन तुकडे कापले. साहेबांचं, शमुवेलचं, तिचं. माझ्या नावाशी सुरी थांबली आणि मी ती खाली ठेवली. आईनं पाहिलं. तिनं मला घे म्हटलं नाही. “आधी देवळात उभी राहा,” ती म्हणाली. “मग घे. मी असेन नसेन.”

तिला गिळता येत नव्हतं. शमुवेलनं तिची मान उचलून धरली आणि साहेबांनी तुकडा द्राक्षरसात भिजवून तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तो फार वेळ तोंडात धरला. मी दाराशी उभी राहून बघत होते. एवढ्या लहान खोलीत मी बाहेरची होते.

ती गुरुवारी गेली. सकाळी, मी तिचे केस विंचरत असताना. सुदेशच्या शेजारी खड्डा खणायचा होता. जमीन खडकाळ, पोरं दमली. शमुवेल उभा होता, पण पहारीला हात लावत नव्हता. जनार्दनकाकांनी ती त्याच्यापुढं धरली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. त्यानं घेतली आणि शेवटचा हातभर खड्डा त्यानं खणला.

तो रविवार महिन्यातला पहिलाच होता. बायकांच्या शेवटच्या बाकावर मी एकटी बसले होते. गाणं झालं, शास्त्रपाठ झाला. साहेबांनी विचारलं, “कुणाला काही बोलायचंय का?” ते माझ्याकडं बघत नव्हते, पण थांबले होते.

मी उभी राहिले. माना वळल्या. रत्नाकाकूनं डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं असणार, आईच्या आठवणीचे दोन शब्द बोलतेय. पुरुषांच्या बाकावरून एक पांढरं डोकं तेवढं वळलं नाही, ते खाली झुकलेलं होतं.

बाकाची कड मी घट्ट धरली.

“माझ्या आईनं मोजण्यात चूक केली नव्हती,” मी म्हणाले.